फाटकावरचा भंडारा

पाकणी स्टेशनच्या सोलापूरकडच्या अंगाला, बैलगाड्यांचा रस्ता रुळांवरून आडवा जातो तिथं एक फाटक होतं आणि त्या फाटकावर येडू होता. लांबून बघणाराला हेवा वाटावा अशीच ती नोकरी. येडूनं फाटक लावलं की मोहोळच्या बाजाराला निघालेले व्यापारी थांबायचे, पाटलाचा छकडा थांबायचा. एकदा तर मामलेदाराची घोडी थांबली, आणि मामलेदार तिच्यावर बसलेला असल्यामुळं नाइलाजानं तोही थांबला. एवढा अधिकार पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नव्हता. पण येडूला त्याचं काही कौतुक नव्हतं.

"थांबतंय कोन?" तो म्हणायचा. "घटकाभर थांबत्यात आन जात्यात. थांबलोय तो मी."

येडू जातीनं धनगर. ज्याच्या सात पिढ्यांनी एका जागी सलग दोन पावसाळे काढले नाहीत, अशा घरातला. घर हा शब्दही सवयीनं आला, घर नव्हतंच. वाडा होता. आता धनगरांचा वाडा म्हणजे दगडी चौकटीचा आणि दिंडीदरवाजाचा नव्हे. हा वाडा चालतो. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, कुत्री, आणि घोड्याच्या पाठीवर लादलेला संसार. त्या संसाराच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या बसलेल्या असतात आणि राणीसाहेबांच्या तोऱ्यात मुलूख बघत जातात. दिवाळी झाली की हा वाडा सांगोल्याकडच्या माळावरून उठायचा, पाकणीपाशी रूळ ओलांडायचा आणि मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याला चरायला जायचा. मृग लागायच्या आधी त्याच वाटेनं परत.

विसाच्या सालच्या दुष्काळात या वाड्याची निम्म्याहून अधिक मेंढरं वाटेत बसली ती उठलीच नाहीत. उरलेली घेऊन माणसं पाकणीजवळच्या पडक्या विहिरीशी टेकली होती. त्याच दिवसांत पाकणीचे स्टेशनमास्तर फाटकावर माणूस शोधत होते. आधीचा फाटकवाला भुताला भिऊन पळाला होता. त्याच्या आधीचा झोपेला भीत नव्हता, म्हणून त्याला काढला होता. मास्तरांनी येडूला पाहिलं. काठीवर हनुवटी, एका पायावर भार, समोर बघतोय पण कशाकडंच बघत नाही, आणि असा सकाळपासून उभा आहे. मास्तरांना वाटलं, फाटकवाल्याला लागणारी सगळी विद्या हा आईच्या पोटातूनच शिकून आलाय.

"पाऊस पडंस्तवर राहीन," येडू म्हणाला. "वाड्यात ज्वारी न्हाय, म्हनून."

मास्तर धूर्त होते, पण वाईट नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, येडूच्या कपाळावरच्या पिवळ्या पट्ट्याकडं पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुस्तकाला भिऊन राहणारा हा माणूस नव्हे, हे त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, "येडू, तुझ्या कमरेच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा असेल ना? तो उचल. दुसरं कुणी हा बावटा हातात घेईपर्यंत फाटक सोडणार नाही, एवढं बोल."

येडूनं हळदीची चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि बोलला. धनगर एरवी बाजारात मेंढराचं वय सांगताना हात जरा सैल सोडील, पण भंडारा उचलून बोलला की तो शब्द त्याच्या हातात राहत नाही. तो बिरोबाच्या हातात जातो.

पुढच्या मृगाला पाऊस पडला. चांगला पडला. येडू स्टेशनात जाऊन उभा राहिला.

"मास्तर, पाऊस पडला की."

"पडला खरा," मास्तर म्हणाले. "पण दुसरा माणूस कुठं आलाय? मी वर लिहिलंय."

मास्तरांनी वर खरोखरच लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षीही लिहिलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की फाटक घड्याळासारखं चालतंय, तक्रार नाही, भूत नाही, झोप नाही. मग लिहायचं राहून गेलं. वर कोण बसतं हे येडूला ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबी वर बिरोबा होता आणि तोही ऐकत नव्हता.

अशी आठ वर्षं गेली.

फाटकाला लागून दगडी खोली होती. तिच्यात येडू निजत नसे. भिंती जवळ येतात असं त्याला वाटे. पावसाळ्यात निरुपाय झाला तर दारात पडायचा, डोकं आत आणि पाय बाहेर, म्हणजे निघायची वेळ आली तर पाय तरी तयार असावेत. गाड्यांना त्यानं मेंढरांसारखी नावं पाडली होती. सकाळची पॅसेंजर म्हणजे गाभण मेंढी, हुंदके देत यायची. मालगाडी म्हणजे म्हातारा बोकड. मद्रास मेल म्हणजे कुणाचं न ऐकणारा एडका. पॅसेंजर गेली की तो भाकरी खायचा, मालगाडी गेली की तंबाखू मळायचा. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा वारा अनुकूल असला की तिथवर ऐकू येई. पण आठ वर्षांत त्यानं सोलापूर पाहिलं नव्हतं. एका संक्रांतीला गड्ड्याची जत्रा बघून यावं म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो निघाला. कोसभर गेला आणि कपाळावर जिथं भंडारा लावला होता तिथं खाज सुटली. तो तसाच मागं वळला. जत्रेतून परतणाऱ्या लोकांना फाटक उघडून देत देत त्यानं जत्रेचं वर्णन ऐकलं. पाळणा केवढा होता, कुणाचं पागोटं उडालं, सगळं कळलं. तेवढ्यावर त्यानं भागवलं.

स्टेशनातला महादेवप्पा म्हणून सिग्नल ओढणारा खलाशी होता, अक्कलकोटकडचा, बोलता बोलता कानडीत घसरणारा. तो म्हणायचा, "येडबा, वाघर म्हणतात नव्हं तुमच्यात, ती मेंढरं कोंडायची जाळी? ती उंच नसतीच की. मेंढरू मनात आणलं तर उडी मारतंय. पण मारत न्हाय बघ."

"मेंढराला बिरोबा ठावं असंल," येडू म्हणे, आणि विषय संपवी.

या सगळ्यात खरी अडचण होती मायाक्काची. मायाक्का म्हणजे येडूची बायको. पहिल्याच वर्षी तिनं त्या दगडी खोलीत डोकावून पाहिलं होतं, छपराला हात लावला होता आणि म्हणाली होती, "हितं माणूस मरायला येतंय, ऱ्हायाला न्हाय." ती वाड्याबरोबर राहिली. येडूच्या वाटणीची मेंढरं तिनं राखली. येडूचा धाकटा भाऊ गुंडा तिच्या मदतीला होता. पण गुंडाची मदत मुख्यतः तोंडाची. त्यामुळं नवराबायकोची भेट वर्षातून दोनदा: वाडा जाताना आणि वाडा येताना.

भेटायची त्यांची एक रीत बसून गेली होती. गाडीची वेळ धरून मायाक्का मेंढरं फाटकाशी आणायची. येडू फाटक लावायचा. मेंढरं पलीकडं थांबायची. मग ती फाटकाच्या त्या अंगाला बसायची, हा या अंगाला, मधे दोन लोखंडी आडवे. गाडी येईपर्यंत बोलणं. गाडी जेवढी उशिरा, तेवढा संसार मोठा. गाडी वेळेवर आली तर ख्यालीखुशालीसुद्धा पुरी होत नसे.

"कशी हायस?"

"बरी हाय. काळ्या मेंढीला जुळी झाली."

"आन तू?"

"सांगितलं की, बरी हाय."

तेवढ्यात गाडी यायची. फाटक उघडावं लागायचं, मागं बैलगाड्या खोळंबलेल्या असत आणि गाडीवान लोकांना दुसऱ्याचा संसार दिसत नाही. मेंढरं धावत निघायची आणि त्यांच्यामागं मायाक्का. त्यांना पोरबाळ नव्हतं. गुंडा चारचौघांत म्हणायचा, "मेल येळंवर येती, त्येला दादानं काय करावं?" सगळे हसायचे. येडूही हसायचा, आणि मग फाटकाची साखळी उगाच पुसत बसायचा.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर वाडा आला तेव्हा मायाक्का बसली नाही. उभीच राहिली. गाडी नुकतीच गेली होती आणि पुढच्या मेलला अवकाश होता, म्हणून फाटक उघडं होतं. घोडा आणि पुढची मेंढरं रूळ ओलांडून पलीकडं निघाली होती. बाकीची, मेंढरांच्या चालीनं, एकामागं एक चालली होती. मायाक्का रुळांच्या पलीकडून येडूकडं तोंड करून बोलत होती.

"ह्यो डाव शेवटचा," ती म्हणाली.

"कशाचा डाव?"

"इचारायचा. येनार का न्हाय तुमी? एकटीनं मेंढरं हाकून माझ्या टाचा गेल्या. न्हाय येनार तर माझी मेंढरं भावजींच्या कळपात घालते आन भावाकडं जाते, जतला. मग ह्या फाटकावनं माझी वाट न्हाय."

येडूनं उगाच बावट्याच्या काठीवर हात फिरवला. "भंडारा उचललाय गं म्या."

"म्या बी उचलला व्हता. लग्नात."

तो तिच्याकडं बघत राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याची सिग्नलकडं पाठ होती. आणि पाठीमागं सिग्नलचा हात केव्हाच खाली पडला होता. मेल त्या दिवशी वेळेच्या आधी आली होती. वर्षानुवर्षं त्याला नको तेव्हा वेळेवर येणारी ती गाडी, त्या दिवशी तर वेळेच्याही पुढं.

गुंडा ओरडला, "दादा, सिंगल."

येडूनं वळून पाहिलं. लांब वळणावर धूर. रुळांवर मेंढरांची अखंड धार, निम्मी त्या अंगाला, निम्मी या अंगाला.

"तोड दादा," गुंडा म्हणाला, "मागची रेट की मागं. लई येळ हाय."

वेळ होता. काठी आडवी घालायची, मागची मेंढरं मागं रेटायची, फाटक लावायचं, गाडी जाऊ द्यायची. नियमानं तेच करायचं होतं आणि कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण चालता कळप मधून तोडायचा नसतो. धनगराचं पोर काठी धरायला शिकतं त्या आधी हे शिकतं. तुटलेला कळप पुन्हा जुळत नाही, बिरोबा पाठ फिरवतो. येडूनं काठी उचलली आणि पलीकडं पाहिलं. पलीकडं निम्मी मेंढरं होती, घोडा होता, कोंबड्या होत्या आणि मायाक्का होती. काठी आडवी घालायला त्याचा हात झाला नाही.

त्यानं काठी टाकली, लाल बावटा उचलला आणि अनवाणीच रुळांतून गाडीच्या दिशेनं धावत सुटला. मेंढरं थांबवायची सोडून त्यानं मेल थांबवली.

मेल थांबली ती फाटकापासून बरीच अलीकडं, मोठ्या रागानं फुसफुसत. इंजिनातून तांबड्या तोंडाचा ड्रायव्हर उतरला. येडूला जी भाषा येत नव्हती तिच्यात तो बरंच काही म्हणाला. डब्यांतून डोकी बाहेर आली. कुणी विचारलं, सोलापूर आलं का? एक बाई तांब्या घेऊन पाण्याला उतरली. दोन मद्रासी गृहस्थ हात मागं बांधून फिरायला निघाले, जणू गाडी त्यांच्या तब्येतीसाठीच थांबवली होती. मेंढरं आपल्या चालीनं चालली होती. त्यांच्या बापजाद्यांनी कधी मेल पकडली नव्हती, त्यामुळं त्यांना घाई ठाऊक नव्हती. सगळ्यात शेवटी गुंडा एक लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन सावकाश गेला आणि जाताना त्यानं ड्रायव्हरला रामराम घातला.

कळप पुरा पलीकडं गेल्यावर येडूनं फाटक लावलं, हिरवा बावटा धरला आणि मेल सोडली.

संध्याकाळी मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. "मेल थांबवलीस. मेंढरांसाठी. आता वरून साहेब येणार. नोकरी गेली समज."

"गेली?" येडूनं विचारलं. "कंपनीनंच घालवली तर भंडारा मोडला असं हुत न्हाय नव्हं?"

मास्तर आपल्या काळजीत होते, त्यांनी मान हलवली. येडू मात्र फाटकावर परत आला तो वेगळाच माणूस होऊन. वाडा पलीकडच्या पाटलाच्या रानात थांबला होता. पाटलाला खत हवं होतं, त्यामुळं मेंढरं चार दिवस बसवायला त्याची ना नव्हती. येडू फाटकावरूनच ओरडून म्हणाला, "मायाक्के, थांब. सायब येतोय. मला घालवतोय." इतक्या आनंदानं ही बातमी रेल्वेच्या इतिहासात कुणी दिली नसेल. त्यानं घोंगडी झटकली, तांब्या, तवा, चिलीम एका फडक्यात बांधली आणि गाठोडं दारात ठेवलं.

साहेब आला ट्रॉलीवर बसून, चार खलाशांनी ढकलत आणलेला. डोक्यावर टोपी, मांडीवर कागद. स्टेशनच्या खोलीत चौकशी बसली. साहेबाला मराठी येत नव्हतं, येडूला इंग्रजी येत नव्हतं आणि मधे मास्तर. महादेवप्पा दारात उभा होता, म्हणून पुढचं सगळं गावाला कळलं.

साहेबानं विचारलं, फाटक उघडं का होतं?

येडू तयारीनंच आला होता. "चूक माझी हाय. सिंगलकडं पाठ व्हती. बायकूशी बोलत व्हतो. मेंढरं तोडाय पायजे व्हती, तोडली न्हाईत. लई मोठी चूक हाय. असला माणूस फाटकावर ठिवू ने."

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी येडूकडं पाहिलं. आठ वर्षं ज्यानं त्यांना सुखानं झोपू दिलं, तो माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होता, बिचारा भोळा. मास्तर उठून उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले. बरंच बोलले. महादेवप्पाला त्यातलं इंग्रजी कळलं नाही, पण हातवारे कळले. एका हातवाऱ्यात मेंढरं आपणहून फाटकात घुसत होती. दुसऱ्यात येडू काट्याकुट्यांतून धावत होता. तिसऱ्यात मेल मोठ्या अपघातातून वाचत होती.

येडू साहेबाचं तोंड बघत होता. ते आधी कडक होतं. मग मऊ झालं.

"मास्तर, काय सांगताय तुमी त्यास्नी?"

"गप रहा," मास्तर प्रेमानं म्हणाले.

शेवटी मास्तरांनी एकच गोष्ट सांगितली, आणि तीच तेवढी सोळा आणे खरी होती: हा माणूस आठ वर्षांत एक दिवस फाटक सोडून गेलेला नाही. साहेब चकित झाला. त्यानं उठून येडूच्या पाठीवर थाप मारली. अशा माणसाला अजून हंगामी का ठेवलंय, याबद्दल मास्तरांनाच दोन शब्द ऐकवले. कागदावर सही केली, आणि ट्रॉली निघून गेली.

"झालं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "कायम झालास येडू. नोकरी गेली होती, ओढून आणली. आता म्हातारपणापर्यंत तुला इथून कुणी हलवू शकत नाही."

येडूनं मास्तरांचे पाय धरले.

"घालवा की वं मला," तो म्हणाला.

मास्तरांना वाटलं, आनंदानं याचं डोकं फिरलं. त्यांनी महादेवप्पाला पाणी आणायला सांगितलं.

नवा निळा कोट आणि पितळी बिल्ला आठवड्याच्या आतच आला. तोवर चार दिवसांचे आठ झाले होते, पाटलाच्या रानात खत पोटभर झालं होतं आणि वाडा हलायला आला होता. येडू फाटकाशी बसला होता. बिल्ला त्यानं खोलीच्या दाराच्या कडीला अडकवला होता, त्याच्या मते ते दोन्ही एकाच कामाचे. मायाक्का रुळांवरून चालत आली, फाटक उघडं असूनसुद्धा पलीकडं बसली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता मरंस्तवर," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमी काय बोलला व्हता भंडारा उचलून? परत सांगा. मोजून सांगा."

"दुसरं कुनी बावटा हातात घेस्तवर फाटक सोडनार न्हाय."

मायाक्कानं त्या दगडी खोलीकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं. मग हात पुढं केला.

"आना हिकडं."

"काय?"

"बावटा. दुसरं कुनी. म्या हाय की दुसरी."

गेल्या आठ वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांच्या नाही, महादेवप्पाच्या नाही, बिरोबाचं ठाऊक नाही. दुसरं कुणी म्हणजे कंपनीनं धाडलेला बाप्या, असंच सगळे धरून चालले होते. आणि मायाक्काला चार भिंतींत ये म्हणायची छाती कुणाला होती?

"तुला भिंती सोसायच्या न्हाईत," येडू म्हणाला.

"तुमाला सोसल्या?"

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते आधी उडाले. मग त्यांनी ते जुनं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, फाटकवाल्याच्या घरच्या माणसानं फाटक सांभाळलं तर चालतं. बिल्ला फाटकावर असला पाहिजे. त्यांना फाटक चालण्याशी मतलब होता. मायाक्कानं लुगड्यावर निळा कोट चढवला, बाह्या दुमडल्या, भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावली. पहिलं काम तिनं केलं ते बाज बाहेर काढायचं, आणि दगडी खोली कोंबड्यांना देऊन टाकली. महादेवप्पा म्हणाला, "कंपनीच्या बंगल्यात कोंबड्या राहतात म्हणजे आता आमची प्रगती झाली."

येडू मेंढरांमागं निघाला. आठ वर्षांनी पाय मोकळे झाले होते. वळणावर त्यानं मागं पाहिलं. निळा कोट फाटकाशी उभा होता. ती हात हलवील असं त्याला वाटलं, पण पॅसेंजरची वेळ होती. ती सिग्नलकडं बघत होती.

ज्या मोकळ्या रानाची त्यानं एवढी वर्षं वाट पाहिली, ते रान त्याला ओळखेना. मेंढरं त्याची हाक ऐकत नव्हती, गुंडाची ऐकत. मायाक्काच्या आवाजाला सरावलेली कुत्री त्याच्यावर भुंकत. शिट्टी नाही, त्यामुळं भूक केव्हा लागते ते कळेना. पहिले काही दिवस तो उपाशीच राहिला, मग भलत्याच वेळी जेवू लागला. गावातली अरुंद गल्ली आली की तो पुढं होऊन हात आडवा करी, गाड्या थांबवी आणि मेंढरं गेल्यावर गाडीवानाला मानेनं जा म्हणून खुणावी. मोगलाईतले गाडीवान थांबत, कारण त्यांना वाटे हा कुणीतरी सरकारी असावा.

एकदा डोंगराच्या पायथ्याशी मेंढरं चरत होती आणि येडू दक्षिणेकडं तोंड करून बसला होता.

"दादा, मेंढरं ह्या अंगाला हायत," गुंडा म्हणाला.

"ठावं हाय."

"मग तिकडं काय बघतुयास? वैनीची याद येती का गाडीची?"

येडूनं मान फिरवून पाहिलं. चारी बाजूंनी मुलूख उघडा होता, कुठं आडवं लोखंड नव्हतं. ती मात्र आत होती.

"इचारू नगंस," तो म्हणाला.

मृगाच्या आधी वाडा परतला. फाटक दिसलं तसा येडू मेंढरांच्या पुढं झाला, आणि नेमका तो पोचायला आणि फाटक लागायला एकच गाठ पडली. बैलगाड्या थांबल्या. येडूही थांबला. बावटा धरल्यापासून पहिल्यांदाच तो लागलेल्या फाटकाच्या बाहेर उभा होता.

"मायाक्के, म्या हाय. उगड की."

"गाडी यायचीय," मायाक्का म्हणाली. "थांबा."

तिनं आवाजात जराही फरक केला नाही. मग आजूबाजूला बघितलं, कोट सावरला आणि फाटकाशी बसली. येडू या अंगाला बसला. मधे तेच दोन आडवे.

"कशी हायस?"

"बरी हाय. काळी मेंढी?"

"ती बी बरी हाय. मला वळखत न्हाय."

मायाक्का हसली. मग म्हणाली, "म्या भायेरनं बगायची ना, तवा वाटायचं, ह्यो बाबा मजेत हाय. बावटा हलीवतोय, भाकर खातोय. येत न्हाय म्हंजी याला यायचंच न्हाय. आतनं बगितल्यावर कळलं."

"मला बी," येडू म्हणाला. "भायेर गेल्यावर."

"जतला जाईन म्हनले व्हते म्या."

"मग?"

"ऱ्हाऊं द्या जत. आना हात हिकडं." तिनं आडव्यातून बावटा त्याच्या हातात दिला. "ह्यो पावसाळा तुमी. दिवाळीपतुर माझ्या टाचा मोकळ्या हुंद्यात. दिवाळीला मी बसते, तुमी जावा."

"आन दोघं?"

यावर मायाक्कानं रुळांकडं पाहिलं. बावटा एकच होता आणि तो एका वेळी एकाच्याच हातात राहणार होता, हे दोघांनाही कळत होतं.

तेव्हापासून पाकणीच्या फाटकावर एक हंगाम येडू आणि एक हंगाम मायाक्का, अशी पाळी लागली. कंपनीला एकच फाटकवाला ठाऊक होता आणि त्याचा कोट कधी धोतरावर असे, कधी लुगड्यावर. मास्तरांची बदली झाली तेव्हा नव्या मास्तरांना त्यांनी जाता जाता एवढंच सांगितलं की या फाटकाकडं फारसं बघू नये, ते चालतं.

पाळी बदलायचा दिवस ते दोघं मात्र नीट ठरवत. मेलची वेळ धरून. जाणारा बाहेर बसे, राहणारा आत, आणि बसण्याआधी दोघं आपापल्या अंगाला कपाळी भंडारा लावून एकच नवस बोलत: मेलला आज उशीर होऊ दे. बिरोबानं त्यांचं दुसरं काही फारसं ऐकलं नाही. पण हे एक गाऱ्हाणं त्यानं बहुतेक वेळा ऐकलं. एकदा तर मेल एवढी लेट झाली की दोघांचं बोलणं संपलं, भाकरी झाली, तंबाखू झाली, आणि तरी दोघं फाटकाच्या दोन अंगांना नुसतेच बसून राहिले. मागं खोळंबलेल्या गाडीवानानं विचारलं, "अवं, कवा यायची ही गाडी?"

"येईल की," दोघं एकदमच म्हणाले. "काय घाई हाय?"